सेवामंडळाची बैठक



सेवामंडळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ठरल्या वारीं भरणारी सभा, गरजूंस वांटलेलें कांहीं साहित्य आणि दिवाळी-संक्रांतीचा स्नेहसमारंभ, इतकीं चित्रें उभीं राहतात. यांपैकीं साहित्याचें वांटप तेवढी खरी सेवा व बाकीचा सारा हौसेचा भाग, असें पुष्कळांना वाटतें. चहाफराळाचा खर्च वांचवून तोच पैसा गरिबांस कां देऊं नये, हा प्रश्नही वारंवार विचारण्यांत येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून आज त्याचा थोडा शांतपणें विचार करूं.

या दृष्टीनें १९०५ हें साल लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं १२ जून रोजीं नामदार गोखले यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदानें अल्प वेतनावर आपलें सारें आयुष्य देशकार्यास वाहावें, अशी ती योजना होती. त्याच वर्षीं २३ फेब्रुवारीस अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी यांना जमवून एक लहानशी बैठक भरविली. आळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत जमावयाचें, म्हणून या मंडळास ‘रोटरी’ हें नांव पडलें. ओळख वाढावी व धंद्यांत एकमेकांस साह्य व्हावें, एवढाच आरंभींचा हेतु होता. परंतु नियमानें भेटणारीं माणसें हळूहळू आपल्या गांवाविषयींही बोलूं लागतात. दोनच वर्षांत या मंडळीनें शिकागोंत सार्वजनिक शौचगृहें असावींत म्हणून खटपट आरंभिली. पुढें १९१९ सालीं ही चळवळ कलकत्त्यास आली आणि तेथून कालांतरानें आपल्याकडील लहानमोठ्या शहरांतूनही पसरली.

गोखल्यांचा मार्ग सर्वस्व वाहणाऱ्याचा, तर हा गृहस्थाचा. ज्यानें आयुष्य वाहिलें त्याला त्याचें व्रतच कार्याशीं बांधून ठेवतें. गृहस्थाला मात्र दुकान आहे, कचेरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत; पहिला उत्साह ओसरला कीं त्याचें पाऊल मागें पडतें. ठरलेला वार, हजेरीची वही आणि वाट पाहणारे सोबती हेंच त्याला बांधून ठेवणारें व्रत. नियमित बैठकीचा हा पहिला उपयोग. दुसरा उपयोग याहून मोठा आहे आणि तो पाहण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. ज्या नगर जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, त्याच जिल्ह्यांतील जामखेड तालुक्याकडे पाहिलें म्हणजे पुरे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मुलूख अवर्षणाचा आणि गांवें जातीजातींत विभागलेलीं. गांवांत नुसती सभा बोलाविली, तर चार पुढारी बोलणार आणि दलित वस्तींतला माणूस दूर उभा राहून ऐकणार, हें उघड होतें. तेव्हां व्याख्यान देण्याऐवजीं व्हॉलीबॉलचा खेळ मांडण्यांत आला. खेळ संपल्यावर दमलेले गडी एकत्र बसत आणि बोलणें आपोआप पाण्यावर, पिकांवर, मुलांच्या दुखण्यांवर येई. त्यांतूनच गांवोगांवीं शेतकरी मंडळें उभीं राहिलीं आणि मागाहून महिला विकास मंडळेंही निघालीं.

दुष्काळाच्या दिवसांत या मंडळांनीं मुलांसाठीं व मातांसाठीं सामुदायिक स्वयंपाकघरें चालविलीं. पुढें हातपंप बसविण्याची वेळ आली, तेव्हां ते बऱ्याच ठिकाणीं दलित वस्तींत बसविण्यांत आले. त्यामुळें पाण्यासाठीं साऱ्या गांवाला तेथें येणें भाग पडलें. गांवानें निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रिया आरोग्यसेविकेचें काम शिकावयास जामखेडला येत. तेथें निरनिराळ्या जातींच्या या बाया एका पंक्तीस जेवत आणि रात्रीं एकाच मोठ्या गोधडीखालीं निजत.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें तेथील बालमृत्यूंचें प्रमाण १९७१ सालीं दर हजारीं १७६ होतें. १९९० नंतरच्या दशकांत तें तिसांच्या खालीं आलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हें सारें केवळ बैठकींनीं घडलें, असें नव्हे. लस, स्वच्छ पाणी, पुरेसें अन्न व बाळंतिणीची काळजी यांचा त्यांत मोठा वांटा आहे. परंतु लस टोंचावयाची तर आईनें मूल घेऊन आलें पाहिजे, आणि ती येते ओळखीच्या शेजारणीच्या शब्दावर. त्या शब्दाला वजन येतें तें एकत्र बसण्याउठण्यानें.

आतां आपल्या शहरांतील मंडळांकडे वळूं. वह्या, चष्मे, पांघरुणें वांटण्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु देणारा व्यासपीठावर आणि घेणारा रांगेंत, एवढ्यावरच ओळख थांबली, तर पुढल्या वर्षीं रांगेंत तोच माणूस कां उभा आहे, हें आपणांस कधींच कळणार नाहीं. दिवाळीचा फराळ जरूर करावा. मात्र ज्यांच्यासाठीं वर्षभर काम केलें, तीं माणसें त्या पंक्तीस होतीं काय, हें पाहावें. संक्रांतीच्या हळदीकुंकवास सोसायटींत धुणेंभांडीं करणारी बाई आणि शेजारची विधवा यांना सन्मानानें बोलाविलें होतें काय, हेंही पाहावें. तशीं तीं बोलाविलीं गेलीं, तर तिळगुळावरचा खर्च वायां गेला असें कोणी म्हणूं नये. तीं न येतां झालेला समारंभ मात्र मंडळाच्या खर्चानें न करतां आपापल्या घरींच केलेला बरा.