गटाची वही मोबाइलमध्ये, पण किल्ली कोणाकडे?

आज आपण गटाच्या वहीबद्दल बोलणार आहोत. पत्र्याच्या पेटीतल्या नाही, मोबाइलमधल्या.

चिंचोळी एमआयडीसीच्या आजूबाजूला, कोंडी, पाकणी, चिंचोळी काटी या बाजूच्या गावांतून कितीतरी जणी कारखान्यात कामाला जातात. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी. ठरल्या दिवशी बैठकीला सगळ्या जमतीलच असं नाही. अशा गटांना ऑनलाइन फाइल फार सोयीची पडते. सचिव घरी बसून हप्त्याची नोंद करते, अध्यक्ष जेवणाच्या सुट्टीत ती बघते, चूक असेल तर तिथंच दुरुस्त होते. वही कोणाच्या घरी राहिली यावरून भांडण नाही. ही सोय सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या फाइलमध्ये आपण काय काय लिहितो, ते एकदा आठवा. नाव, आधार क्रमांक, बँक खातं, कुणी किती कर्ज उचललं, कुणाचे किती हप्ते थकले. काही गट तर कर्जाचं कारणही लिहितात: दवाखाना, लेकीचं बाळंतपण, नवऱ्याची उधारी. हे सावकाराच्या किंवा मुकादमाच्या हाती लागलं तर त्या बाईला गावात मान वर करून चालणं अवघड होईल.

म्हणून पहिला प्रश्न हा, की आपली फाइल कोण वाचू शकतं?

गूगल डॉक्स किंवा गूगल शीट्समध्ये लिहिलेलं गूगलच्या संगणकावर कुलूपबंदच असतं. वाटेत कुणी चोरून वाचू नये याचीही सोय आहे. मात्र साध्या मोफत खात्यात त्या कुलपाची किल्ली गूगलकडे असते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. इथं तसं नाही. इथं घरमालकाकडे आपल्या खोलीची पूर्ण किल्ली आहे आणि मी विनाकारण उघडणार नाही असा त्याचा शब्द आहे. डॉक्समधला मजकूर जाहिरातींसाठी वापरत नाही, असं गूगल सांगतं. शब्द पाळला जाईलही, पण किल्ली त्याच्याकडे आहे एवढं माहीत असावं.

दुसऱ्या जातीचे संपादक वेगळे चालतात. क्रिप्टपॅड हे त्यातलं एक नाव, फ्रान्समधल्या एक्सविकी कंपनीचं. आपण टाइप केलेलं तिथं आपल्याच मोबाइलमध्ये कुलूपबंद होतं आणि मग कंपनीच्या संगणकाकडे जातं. कंपनीला दिसतं ते नुसतं अगम्य अक्षरांचं भरताड. किल्ली फाइलच्या लिंकमध्येच, शेवटच्या भागात असते आणि तो भाग कंपनीकडे जात नाही. म्हणून क्रिप्टपॅडची लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे चौकात किल्ली टांगणं. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीनंही २०२४ च्या जुलैमध्ये असाच संपादक सुरू केला.

याला एक दुसरी बाजू आहे. कंपनीकडे किल्ली नाही, म्हणजे आपण पासवर्ड विसरलो तर ती आपल्याला आत घेऊ शकत नाही. ‘पासवर्ड विसरलात का’ असं दाबून ओटीपी मागवण्याची सवय इथं कामाची नाही. क्रिप्टपॅडचा पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ती वही पेटीत ठेवलेली बरी. शहरातली शिकलेली माणसं याला हसतील, हसू द्या. दहा जणींच्या गटात पासवर्ड एकीच्याच डोक्यात असणं जास्त धोक्याचं.

आता दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते जास्त दुर्लक्षित. आपलं सामान घेऊन तिथून निघता येतं का?

शिलाई मशीनचं घ्या. घरगुती मशीनची सुई बहुतेक कुठल्याही कंपनीची चालते, कारण तिचं माप सगळ्यांनी मिळून धरलेलं आहे. उद्या एखाद्या कंपनीनं फक्त आमचीच सुई बसेल असं मशीन काढलं आणि ते फुकट वाटलं, तर आपण घेऊ. वर्षभरानं सुईचा भाव तिप्पट झाला की मात्र आपण अडकलो. संगणकातही असंच अडकवलं जातं, आणि महाराष्ट्रानं ते भोगलेलं आहे. जुन्या काळी डीटीपीवाल्याकडे मराठी टाइप करून घेतलं, की ते त्याच्याच फॉन्टमध्ये असायचं. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मजकूर आपला, पैसे आपण दिलेले, पण वाचायला पुन्हा त्याच्याच दारात जायचं. पुढं युनिकोड रुळलं, म्हणजे सुईचं माप सगळ्यांचं एक झालं. आज तुम्ही मोबाइलवर लिहिलेलं मराठी मुंबईतल्या भाचीलाही तसंच दिसतं ते त्यामुळे.

फाइल खासगी आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असा घोटाळा बऱ्याच जणींचा होतो. स्किफ नावाचा असाच किल्ली आपल्याकडेच ठेवणारा संपादक होता, ईमेलसकट. २०२४ च्या फेब्रुवारीत नोशन कंपनीनं तो विकत घेतला आणि सहा महिन्यांत सेवा बंद होणार असं सांगितलं. वापरणाऱ्यांनी तेवढ्या मुदतीत आपलं सामान हलवायचं. कुलूप मजबूत होतं, पण इमारतच पाडायला निघाली, तर कुलूप काय करणार?

मोठ्या कंपन्यांचंही तेच. नायरा एनर्जी ही पेट्रोल पंपवाली कंपनी, मुख्य कार्यालय मुंबईत. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा जवळजवळ निम्मा वाटा आहे, म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. लगेच मायक्रोसॉफ्टनं तिची ईमेल आणि इतर सेवा थांबवली. नायरानं दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. निर्बंध युरोपचे, मायक्रोसॉफ्ट अमेरिकेची आणि काम अडलं भारतात. नायराकडे वकील होते. गटाकडे कोण आहे?

आपल्या बाबतीत कारण इतकं मोठं लागत नाही. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते. त्यातच ईमेल, त्यातच फोटो, त्यातच फाइली, आणि अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. सुप्रभातच्या गुलाबांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी ती जागा भरली, की गटाची नवी फाइल होत नाही. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. आणि खातं मुळात कोणाचं असतं? बहुतेक वेळा सचिवबाईच्या मुलाचं, किंवा गटाला मदत करणाऱ्या एखाद्या ताईचं. मुलगा पुण्याला गेला, फोन बदलला, जुना नंबर बंद पडला, की गटाची तीन वर्षांची वही त्याच्याबरोबर गेली. बँकेचं कर्ज मागताना गटाची प्रतवारी होते आणि नियमित लेख्यांना त्यात गुण असतात. तिथं ‘फाइल मोबाइलमध्ये होती’ हे उत्तर चालत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. संगणकावर गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जी डॉक्सची फाइल दिसते, ती कॉपी करून पेनड्राइव्हमध्ये टाकली तर मजकूर येत नाही. येते ती नुसती पत्त्याची चिठ्ठी. मजकूर गूगलकडेच राहतो. खरा मजकूर हवा तर फाइल उघडून डाउनलोड करावी लागते. त्या वेळी कुठल्या प्रकारात असं विचारतं. तिथं एक्सेल किंवा ओडीएस निवडा. ओडीएस हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे पुन्हा तीच सगळ्यांना बसणारी सुई. लिबरऑफिस नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये या दोन्ही फाइली उघडतात आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नुसती पीडीएफ घेऊन थांबू नका. पीडीएफ म्हणजे वहीचा फोटो, त्यात बेरीज पुढं चालवता येत नाही. क्रिप्टपॅडमधूनही फाइल अशीच बाहेर काढता येते. एखाद्या ॲपमधून ती काढताच येत नसेल, तर ते कितीही सुंदर दिसो, गटाचा हिशेब त्यात घालू नये असं आमचं मत आहे.

मग ठेवायचं कुठं? आम्हाला विचाराल तर बचतीचे आकडे गूगलवर असायला हरकत नाही. फक्त खातं गटाच्या नावानं वेगळं काढा आणि त्याचा पासवर्ड दोघी-तिघींकडे असू द्या. फाइल शेअर करताना ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय घेऊ नका, एकेकीचा ईमेल घालून तेवढ्यांनाच परवानगी द्या. गाववाल्यांच्या नजरेला गटाचं कर्ज पडतं ते बहुधा गूगलमुळे नाही, या एका पर्यायामुळे. आधार क्रमांक ऑनलाइन लिहूच नका, त्याची झेरॉक्स पेटीत पुरेशी आहे. कर्जाचं कारण लिहायचंच असेल तर नावाऐवजी सभासद क्रमांक घाला आणि कुठला क्रमांक कोणाचा याची यादी कागदावर ठेवा. थकबाकी किंवा आपापसातली तक्रार असा नाजूक मजकूर असेल तर क्रिप्टपॅडसारखी जागा बरी.

आणि महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, फाइल डाउनलोड करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छापून सह्यांसकट पेटीत. मात्र डाउनलोड केलेली फाइल ज्या फोनवर काढली त्यावरच उघडून बघू नका. दुसरीचा फोन घ्या, इंटरनेट बंद करा आणि मग उघडा. सगळ्यांचे आकडे दिसले, बेरीज जुळली, तर वही खरंच तुमच्याकडे आली. कोरं पान किंवा लॉगिन मागणारा पडदा दिसला, तर घरी जायच्या आधी पुन्हा डाउनलोड करा.