उतारवयातील बाराखडी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माद्रिदला राहणारी आमची कन्या सहकुटुंब छत्रीबागेतील घरी आली होती. सोबत पाच वर्षांची नात. फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या नातीने माझ्याकडे पाहून काहीतरी भरभर सांगितले आणि कन्येने हसत हसत ते मला मराठीत उलगडून दिले. आजोबा आणि नात यांच्यामध्ये दुभाषी! चार पिढ्या माळव्यात काढूनही घरात मराठी टिकविली म्हणून ज्याने आजवर मिरविले, मुलांच्या तोंडून हिंदी शब्द निसटला की ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, त्या अस्मादिकांना त्या क्षणी काय वाटले असेल, हे महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या वाचकांना सांगावयास नको. नातीला मराठी शिकविण्याचे काम तिची आई करीतच आहे. परंतु अर्धी वाट आपणही चालून जावी असे मनाने घेतले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी स्पॅनिश शिकावयास बसलो.

पहिली चूक पुस्तकनिवडीतच झाली. खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून सर्वांत जाडजूड दिसलेला इंग्रजी-स्पॅनिश कोश आणि तितकेच वजनदार व्याकरण उचलून आणले. घरी येऊन ‘चोकोलाते’ हा शब्द सी या अक्षराखाली शोधू लागलो, तर तो सापडेना. चॉकलेटासारखी वस्तू कोशात नसावी? दोन दिवसांनी उलगडा झाला. स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ ही स्वतंत्र अक्षरे मानून कोशात त्यांचे निराळे विभाग पाडीत. १९९४ साली स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी ती पद्धत मोडून ते शब्द सी आणि एल यांच्या पोटात घातले, आणि २०१० च्या शुद्धलेखनात वर्णमालाही सत्तावीस अक्षरांची ठरली. माझा कोश त्याआधीचा. तेव्हा कोश घेताना मुद्रणाचे वर्ष अवश्य पाहावे. व्याकरणाची तर आणखीच तऱ्हा. त्यात स्वाध्याय भरपूर, परंतु उत्तरे कोठेच नाहीत. असे पुस्तक समोर गुरुजी असलेल्यासाठी ठीक. एकट्याने शिकणारा आपली चूक घोटून घोटून पक्की करतो. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसास एवढे तरी कळावयास हवे होते!

नंतर कन्येने उत्तरांसह एक आटोपशीर पुस्तक धाडले. तेही इंग्रजीतून स्पॅनिश शिकविणारे. ते वाचताना मात्र एक मौज ध्यानात आली. अशी पुस्तके इंग्रजी भाषकाच्या अडचणी सोडविण्यासाठी लिहिलेली असतात. त्या अडचणी पुष्कळदा आपल्या नसतातच. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. येथे आवडणारी वस्तू कर्ता कशी, क्रियापद तिच्या मागे का धावते, हे समजावण्यात लेखकाने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. आपण ते मराठीत जन्मभर बोलत आलो. ‘वेओ ला कासा’, मी घर पाहतो. पण ‘वेओ आ मि निएता’, मी नातीला पाहतो. माणूस आला की ‘आ’ हे अव्यय जोडावयाचे, हा आपला ‘ला’ प्रत्ययच म्हणाना. ज्या विध्यर्थाचा इंग्रज विद्यार्थी धसका घेतो, त्यातले ‘कियेरो के वेंगास’ म्हणजे ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’. ‘यावेस’मधला तो ‘स’ ज्याला जन्मतः मिळाला, त्याने घाबरण्याचे कारण नाही. त आणि द हेही आपल्यासारखे दंत्य. इंग्रजी वळणाचे ट आणि ड नव्हेत.

आणखी एक समाधान खास इंदुरी आहे. आम्ही ‘मी जेवून राहिलो’ म्हणालो की पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हिंदीच्या शेजाराने लागलेली ही सवय मी मुलांच्या निबंधांत लाल शाईने खोडीत आलो आहे. स्पॅनिशमध्ये ‘मी जेवीत आहे’ याला ‘एस्तोय कोमिएन्दो’ म्हणतात. त्यातील ‘एस्तार’ हे सहायक क्रियापद ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले! लाल शाई मी सोडणार नाही, पण हात थोडा सैल पडेल.

सगळेच असे सुखाचे नाही. लिंगविचार दगा देतो. ‘मुलगा’, ‘घोडा’ म्हणत वाढलेल्या जिभेला आकारान्त शब्द पुल्लिंगी वाटतो. तेथे ‘निञो’ म्हणजे मुलगा आणि ‘निञा’ म्हणजे मुलगी. ते अंगवळणी पडते न पडते तोच ‘एल दिया’, म्हणजे दिवस, आकारान्त असून पुल्लिंगी निघतो. त्याहून कठीण गोष्ट आघाताची. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर द्यावा याची आपण फिकीर करीत नाही. तेथे ‘आब्लो’मधील पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’ शब्दाचा आघात मागे-पुढे झाला तर दक्षिण अमेरिकेत वडिलांचा बटाटा होतो. हे कागदावरून कधीच साधणार नाही. म्हणून ज्या पुस्तकासोबत ध्वनिमुद्रण नाही ते कितीही विद्वत्तापूर्ण असो, आरंभी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

भ्रमणध्वनीवरील खेळवजा पाठांबद्दल मला फारसा आदर नव्हता. शब्द घोटण्यास ते बरे पडतात. क्रियापदाची रूपे मात्र जुन्या पद्धतीने वहीत लिहूनच बसली. युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. पुस्तकाच्या वेष्टनावर ‘ए-१’ असे छापलेले असेल तर ती पहिली पायरी. स्पेनची की दक्षिण अमेरिकेची स्पॅनिश, हेही आधीच ठरवावे. उच्चार बदलतातच, शिवाय ‘तुम्ही’साठी माद्रिदला घरोब्यात वापरतात ते सर्वनाम तिकडे व्यवहारात नाही. ज्यांना रीतसर शिक्षण हवे त्यांच्यासाठी दिल्लीत २००९ पासून स्पेन सरकारची इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही संस्था आहे. आमच्यासारख्यांना इंदूर सोडवत नाही.

कधी कंटाळा आला की फादर स्टीफन्स आठवतात. हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा त्याच्या हाती कोठला कोश आणि कोठले व्याकरण? त्याने १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले आणि कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. त्याच पोर्तुगीज वाटेने आलेले शब्द मला आज स्पॅनिशमध्ये ओळख देतात. पाव तेथे ‘पान’ होतो, बटाटा ‘पाताता’, आणि ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. सरकारी नोकराला पगाराचे मूळ कळले, हा लाभ काही लहान नव्हे.

दर रविवारी सायंकाळी माद्रिदशी बोलणे होते. नात मला ‘आबुएलो’ म्हणते. शेजाऱ्यांना वाटते ‘आबा’ म्हणत असेल. परवा मी चार वेळा घोकून ठेवलेले वाक्य टाकले, ‘के आस कोमिदो ओय?’, आज काय जेवलीस? ती एका दमात बरेच काही बोलून गेली. मला एकच शब्द कळला, ‘सोपा’. माझे वाक्य सोपे होते असे ती मराठीत म्हणत आहे, या समजुतीने मी भलताच खूष झालो. कन्या पलीकडून म्हणाली, “बाबा, ‘सोपा’ म्हणजे सूप. ती सांगते आहे, आज सूप होते आणि तिने ते सगळे टाकून दिले.”