मुलाचे ठरलेले नसेल, तर महाविद्यालये पाहून यावीत

घरात अकरावी-बारावीचे मूल असले की लग्नात, मुंजीत, जत्रेत भेटणारा प्रत्येकजण विचारतो, "पुढे काय?" आमची नात यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. हा प्रश्न आला की ती हसते आणि पाणी आणायला आत जाते. तिचे काही ठरलेले नाही. मंडळाच्या बऱ्याच सभासदांच्या घरी हीच स्थिती आहे असे बोलण्यातून कळते, म्हणून यंदा आम्ही उभयतांनी तिला घेऊन काही महाविद्यालये पाहिली, त्याविषयी लिहीत आहोत.

आधी आमची चूक सांगतो. 2001 साली मुलाला घाटापलीकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात घातले, ते केवळ माहितीपुस्तक वाचून. बँकेत असताना दुकान आणि माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही छोटे कर्जसुद्धा मंजूर करत नसू. मुलाच्या वेळी मात्र फीचा डिमांड ड्राफ्ट काढून मोकळे झालो. दीड वर्षाने तो परत आला. मग इथेच बीकॉम केले, पुढे खनिजाचा ट्रक घेतला आणि 2012 साली खाणी बंद पडल्या. डिचोली तालुक्यात हे कोणाला वेगळे सांगायला नको. आता तोच मुलीसाठी अभियांत्रिकीचा आग्रह धरतो. नोकरीची शाश्वती त्याला हवी आहे आणि त्याची काळजी खोटी नाही.

भेटीसाठी दिवस निवडताना काळजी घ्यावी. मे महिन्यात आवार ओस असते, चतुर्थीच्या दिवसांत कोणी भेटत नाही, परीक्षेच्या दिवसांत शिक्षकांना बोलायला वेळ नसतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एखादा कामाचा दिवस पाहावा. कार्यालयात आधी फोन करून परवानगी घ्यावी. एका दिवशी एकच ठिकाण आणि तेही दोन तास. आम्ही पहिल्या वेळी फर्मागुडी आणि पणजी एकाच दिवसात उरकायला गेलो. घरी परतल्यावर नातीला त्यातले काहीच नीट आठवेना.

शक्य असेल तर जाताना गाडी घेऊ नये. मूल रोज ज्या कदंबने जाणार, त्याच बसने जावे. डिचोलीहून साखळीचे सरकारी महाविद्यालय जवळ. आसगावला जायचे तर म्हापशाला बस बदलावी लागते. फर्मागुडी त्याहून लांब, रोजची ये-जा जमेल की वसतिगृह पाहावे लागेल, हे त्या बसमध्ये बसल्यावरच कळते. (आम्ही स्वतः वाणिज्य शाखा घेतली, त्याचे एक कारण म्हापशाची बस वेळेवर मिळत होती हे होते. आवड वगैरे कोणी विचारले नव्हते.)

फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 पासूनचे. 2016 साली आयआयटी गोवा सुरू झाली तीही याच आवारात. गोपाळ गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही आत गेलो. पहिला अर्धा तास आम्हीच बोलत होतो. नोकऱ्या किती लागतात, कोणत्या कंपन्या येतात, हेच प्रश्न. नात मागे उभी. मग सौभाग्यवतींनी आम्हाला उपाहारगृहात नेऊन बसवले. तिला एकटीला फिरू दिले. पाऊण तासाने आली ती दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीशी बोलून. त्या मुलीने पहिल्या वर्षाचे गणित किती जड जाते, वसतिगृहात रात्री काय चालते, कोणता विषय घेऊन पस्तावली, सगळे सांगितले होते. आम्हाला कार्यालयात यातले काहीच कळले नसते.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही बाहेरच बसलो. पणजीच्या आल्तिनोवर वास्तुकला महाविद्यालय आहे. तिथे मुले पुठ्ठा कापून घरांचे नमुने करत होती. तिला ते आवडले, पण परतताना म्हणाली, "आजोबा, बघायला छान आहे, रोज करायला नको." एक पर्याय गळला. हाही भेटीचा लाभच आहे. त्या प्रवेशासाठी नाटा परीक्षा द्यावी लागते, त्या तयारीचा खर्च आणि वेळ वाचला.

पालकांनी कार्यालयात विचारावे असे थोडेच आहे. गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत 2023-24 पासून नव्या धोरणाची पदवी सुरू झाली, तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार. तेव्हा पहिल्या वर्षानंतर मेजर विषय बदलता येतो का, आणि प्रवेश सोडल्यास फी परत मिळते का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. ज्याचे ठरलेले नाही त्याला तेच उपयोगाचे. उत्तर लेखी मागावे, ही आमची जुनी सवय समजा.

घरी आल्यावर लगेच "आवडले का?" विचारू नये. आम्ही विचारले आणि "बरे आहे" एवढेच मिळाले. आता चार दिवस थांबतो. तिने एक वही केली आहे, तीत तीच लिहिते. आम्ही उघडत नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना तिने आपणहून विचारले, मिरामारच्या धेंपे महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवतात का? शिकवतात. खनिजाचे दगड तिने लहानपणापासून बापाच्या ट्रकमध्ये पाहिले आहेत, पण हे तिच्या मनात असेल असे आम्हाला कोणालाच वाटले नव्हते. तिचा बाबा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या दिवशी मीच घेऊन जातो. आम्ही त्याला एवढेच सांगितले आहे की बसने जा, आणि आत गेल्यावर तू बाहेर बस.