एक रुपयाची सरकारी बोली

भाईंदरच्या पूर्वेला मिठागरांची मोकळी जमीन दिसली की लोकलमधलं कोणीतरी म्हणतंच, ‘सरकारनं ही लिलावात काढली तर केवढा पैसा येईल!’ पण कोणत्या सरकारनं? मिठागरांची बरीचशी जमीन केंद्राची. तिचा कारभार जयपूरच्या मीठ आयुक्तांच्या कार्यालयाकडे. ठाण्याचे जिल्हाधिकारी तिची बोली पुकारू शकत नाहीत.

जिल्हाधिकाऱ्यांकडची जमीनही सरसकट लिलावात निघत नाही. सरकारी जमिनीच्या वाटपाचे १९७१ चे नियम शेतीची पडीक जमीन बोलीवर न सोडता भूमिहीन, माजी सैनिक अशा प्राधान्यक्रमाने देतात. ती भोगवटादार वर्ग २ म्हणून मिळते, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेल्या जमिनीचंही असंच वाटप होतं. लिलाव होतो तो मुख्यतः घरबांधणीच्या भूखंडांचा. गायरानावर तर डोळा ठेवूच नये: जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी अतिक्रमणातून मोकळ्या करायला सांगितलं आणि त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय आला. शहरात सार्वजनिक उद्यान किंवा मैदान हवं असेल तर वाट विकास आराखड्यातल्या आरक्षणाची. तिथे बोली नसते.

शेतजमीन खऱ्या अर्थाने लिलावात येते ती थकबाकीमुळे. शेतसारा, तगाई किंवा सरकारी थकबाकीसारखं वसूल होणारं दुसरं देणं राहिलं, की आधी मागणीची नोटीस, मग जप्ती, मग जाहीरनामा. जाहीरनामा लागल्यापासून तीस दिवस विक्री करता येत नाही. ही मुदत खातेदाराला पैसे जमवायला आणि बोलीदाराला कागद तपासायला असते. बोलीदाराने तिचा पुरेपूर उपयोग करावा. बोली पडली की घेणाऱ्याने रकमेचा चौथा हिस्सा तिथल्या तिथे भरायचा. तरी जमीन त्याची झाली असं नाही. विक्रीनंतर तीस दिवसांत मूळ मालकाने सारी थकबाकी आणि वर खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द होऊ शकते. ते पाच टक्के म्हणजे बोलीदाराच्या हिरमोडाची कायद्याने ठरवलेली भरपाई!

बोलीला कोणी आलंच नाही, किंवा आलेली बोली थकबाकीइतकी नसेल तर? इथे जमीन महसूल अधिनियमाचं कलम २२० येतं. सरकारचाच अधिकारी नाममात्र एक रुपयाची बोली लावतो आणि जमीन सरकारजमा होते. अशा जमिनीला आकारीपड म्हणतात. बारा वर्षांत देणं फेडलं तर ती परत मिळण्याची सोय होती. त्यानंतर दार बंद. गावकीत शेजाऱ्याच्या शेतावर बोली लावायला कोणी धजत नसे, त्यामुळे हा एक रुपया कागदावर वाटतो त्याहून जास्त वेळा खर्ची पडला असावा. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुदत टळलेल्या अशा ४,८४९ एकर जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना ठरावीक रक्कम घेऊन परत देण्याचं ठरवलं. म्हणजे सातबाऱ्यावर ‘सरकार’ दिसलं, तरी मागे एखाद्या घराण्याचा दावा जिवंत असू शकतो.

मीरा-भाईंदरात तर सातबारा ‘इतर हक्क’ या रकान्यापासूनच वाचावा. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने खाऱ्या पाण्याला बांध घालण्यासाठी भाईंदर, मिरे, घोडबंदर या गावांतल्या जमिनी ९९९ वर्षांच्या कराराने दिल्या. ते हक्क पुढे एका कंपनीकडे गेले, आणि त्यांचा वाद अजून या गावांच्या मागे आहे. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्याकडच्या गावांत सागरी नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते ते पाहावं. खाडीलगत कांदळवन असेल, तर बोली कितीही स्वस्त पडली तरी तिथे वीट रचता येणार नाही.

राहिला घेणाऱ्याचा प्रश्न. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं आणि थकबाकीच्या लिलावातली विक्रीही त्यात स्पष्ट शब्दांत धरली आहे. महापालिका हद्दीत विकास आराखड्याने निवासी, व्यापारी वगैरे ठरवलेल्या जमिनीला सूट आहे. म्हणून आधी झोन दाखला घ्यावा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर नियम याहून कडक.

विक्री कायम झाली की खरेदीचा दाखला मिळतो. तो घेऊन तलाठी कार्यालयात फेरफाराची नोंद करायची. जागेवर कोणी राहत असेल, तर ताब्याचं प्रकरण त्यानंतर सुरू होतं.