सही करण्याचा अधिकार

अक्षर वळणदार असणे हा आपल्याकडे गुण समजला जातो. परंतु अक्षर लिहिणे ही एक संपूर्ण कला होऊ शकते, ही कल्पना आपल्या तितकीशी अंगवळणी पडलेली नाही. अरबी लिपीच्या जगात ती हजार वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. या कलेतील गुरुशिष्यपरंपरा आजच्या काळात कशी चालते, हे सांगण्यासाठी आम्ही मोहम्मद झकारिया या अमेरिकन सुलेखनकाराचे उदाहरण घेतले आहे. उदाहरण मुद्दामच दूरचे निवडले. जन्माने ज्याचा या लिपीशी संबंध नव्हता त्याला ही परंपरा आपला म्हणते काय, आणि म्हणत असेल तर कशाच्या बळावर, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम कलेचा पाया पाहू. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांना मापाची शिस्त लावली, असे मानतात. हे माप फूटपट्टीचे नव्हे. तिरक्या टोकाचा बोरू कागदावर टेकवून किंचित ओढला की पत्त्यांतील चौकटीसारखा ठिपका उमटतो. अशा ठिपक्यांनीच अक्षराची उंची व रुंदी मोजावयाची. 'सुलुस' नावाच्या डौलदार वळणात 'अलिफ' ही उभी रेघ साधारणतः सात ठिपक्यांची असते. बोरू रुंद असेल तर ठिपका मोठा, आणि त्या प्रमाणात सारे अक्षरही मोठे.

शिक्षण कित्त्याने होते. गुरू ओळ लिहून देतो, शिष्य ती गिरवतो, गुरू चुकलेल्या अक्षराजवळ योग्य वळण काढून दाखवतो. तुर्कस्तानातील परंपरेत पहिला धडा, काम सोपे व्हावे, अवघड होऊ नये, अशा अर्थाच्या प्रार्थनेचा असतो. तेवढ्या एका धड्यावर महिनेच्या महिने जातात. अखेरीस गुरूचे समाधान झाले म्हणजे तो शिष्याच्या लेखनाखाली आपल्या हाताने अनुज्ञा लिहितो. हीच 'इजाजत'. ती मिळेपर्यंत शिष्याने आपल्या लेखनाखाली सही करावयाची नाही, असा दंडक आहे.

ही साखळी एकदा तुटण्याच्या बेतात आली होती. १९२८ साली तुर्की प्रजासत्ताकाने अरबी लिपी टाकून रोमन लिपी स्वीकारली. जी लिपी नव्या पिढीला वाचताही येणार नव्हती, तिच्या सौंदर्याची उपासना कोणी करावी? तरीही हामिद आयताच (१८९१–१९८२) यांच्यासारख्या मोजक्या उस्तादांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांचे शिष्य हसन चेलेबी. आणि चेलेबींच्या शिष्यांपैकी एक झकारिया.

झकारिया यांचा जन्म १९४२ साली कॅलिफोर्नियात झाला. सांता मोनिका येथील एका आर्मेनियन गालिचेवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत त्यांनी ही अक्षरे प्रथम पाहिली. विमानांचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात ते यंत्रकाम करीत. १९६१ साली ते मोरोक्कोला गेले. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला, अरबी भाषा शिकली, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास केला. दोन दशके असा अभ्यास झाल्यावर १९८४ साली त्यांना इस्तंबूलचे निमंत्रण आले. तेथे त्यांना सांगण्यात आले की, येथे शिकावयाचे तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. चाळिशी गाठलेल्या माणसाने ते मानले. धडे टपालाने जात-येत. १९८८ साली चेलेबींकडून त्यांना इजाजत मिळाली, आणि १९९७ साली 'तालिक' या दुसऱ्या वळणाची अली आल्पअरस्लान यांच्याकडून.

या शिस्तीची कसोटी लवकरच लागली. १ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या टपालखात्याने ईदचे पहिले तिकीट काढले. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी 'ईद मुबारक'. ही अक्षरे झकारियांची. इवल्याशा तिकिटासाठीही त्यांनी शाई घरी केली, बोरू स्वतः तासले. कागदावर खळ आणि तुरटी व अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे थर देऊन, तो अकीकाने घोटून, वर्षाहून अधिक काळ मुरत ठेवलेला होता. रंग मात्र नंतर संगणकाने भरले. दहाच दिवसांनी न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले, आणि हे तिकीट मागे घ्या अशी ओरड सुरू झाली. ते मागे घेतले गेले नाही. २००२ साली नव्या किमतीत पुन्हा छापले गेले.

वर्षानुवर्षे दुसऱ्याचा कित्ता गिरवणे ही नुसती नक्कल नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. गवई गुरूची तान घोटतो तेव्हा त्याचा गळा तयार होत असतो. येथे हात आणि डोळा तयार होतो. कोठे नियम पाळावा आणि कोठे अक्षराला मोकळे सोडावे, हे तयार हातालाच कळते.

युनेस्कोने २०२१ साली अरबी सुलेखनाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. हा सन्मान योग्यच आहे. परंतु यादीत नाव लागल्याने कला जगत नाही. कलम, दऊत, शाई हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले आणि आपलेच झाले, ते आपण रोज वापरले म्हणून. कलेचेही तसेच आहे. जो कित्ता गिरवण्याचे कष्ट घेतो, त्याचा जन्म कोठे झाला हे ती विचारीत नाही. आणि जो घेत नाही, त्याला वारसा सांगूनही सही करण्याचा अधिकार मिळत नाही.