मांजराचा स्वभाव एकाएकीं कां पालटतो?

ज्या घरांत दूध आहे व उंदीर आहेत, तेथें मांजर न बोलावितां येतें. तें मुलांच्या पांघरुणांत निजतें, चुलीशीं ऊब घेतें. तथापि त्याच्या मनांत काय चाललें आहे, हें आपणांस क्वचितच कळतें. म्हणूनच काल मांडीवर बसणारें मांजर आज फिस्कारूं लागलें किंवा कोपऱ्यांत घाण करूं लागलें, म्हणजे "मांजर बिघडलें" असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो, आणि कधीं कधीं तो त्या बिचाऱ्याच्या जिवावर बेततो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. आमचा पांच वर्षांचा बोका स्वच्छतेचा मोठा भोक्ता. परंतु एके सकाळीं तो देवघराच्या उंबऱ्यापाशींच लघवीला बसला. आम्ही रागावलों व त्यास बाहेर हांकलून दिलें. अंगणांतही तो पुनःपुन्हा बसे, कण्हे, पण थेंबभरही लघवी होईना. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. पशुवैद्यांनीं तपासलें, तों मूत्रमार्ग तुंबलेला! नळी घालून त्यांनीं तो मोकळा केला. आणखी एक दोन दिवस असेच गेले असते, तर रक्तांत विषारी द्रव्यें सांचून त्याचा प्राण गेला असता. आम्ही जिला खोडी समजलों, ती त्याची आर्त हांक होती.

मांजर आपलें दुखणें लपवितें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. म्हणजे आपला स्नेह इतका जुना. परंतु रानांत दुबळेपणा दिसला कीं शत्रूचा घाला आलाच, हा पूर्वजांचा धडा तें अद्याप विसरलेलें नाहीं, असें शास्त्रज्ञ मानतात. यास्तव दुखण्याची वार्ता वागणुकीवरूनच ओळखावी लागते. दांत दुखणारें मांजर ताटलीजवळ येऊन परत फिरतें. सांधे धरलेलें म्हातारें मांजर फळीवर उडी मारीनासें होतें व उचलूं जातां चावतें. उतारवयांत गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि फाजील काम करूं लागली, तर मांजर अधाशासारखें खातें, तरी वाळत जातें आणि रात्रीं ओरडत फिरतें.

शरीरांत दोष न आढळल्यास घरांत पाहावें. नवें बाळ, पाहुणे, हलविलेलें सामान, दिवाळीचे फटाके, यांनीं मांजर बावरतें. खिडकींतून परका बोका दिसला, तर त्याच्यावरचा राग तें जवळच्या माणसावरही काढतें. अशा वेळीं त्यास न शिवतां शांत खोलींत एकटें राहूं द्यावें.

मुलांनो, दोन गोष्टी विसरूं नका. आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कधींही देऊं नका. ती त्यास विषच होय. मांजर चावलें किंवा त्यानें ओरबाडलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा, घरीं सांगा आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. कारण स्वभाव एकाएकीं पालटणें हें रेबीजचेंही लक्षण असूं शकतें.

मुक्या प्राण्यास तक्रार सांगतां येत नाहीं. त्याची वागणूक हीच त्याची वाणी. म्हणून हातीं काठी घेण्यापूर्वीं आपण मनाशीं एवढेंच विचारावें, "याला कोठें दुखत तर नसेल ना?"