सर्टिफिकेट आपोआप येऊ लागलं, त्याला दहा वर्षं

2015 पर्यंत वेबसाइटच्या पत्त्यापुढे कुलूप दिसावं म्हणून बहुतेकदा पैसेही मोजावे लागत आणि डोकंही शिणवावं लागे. सर्व्हरवर की बनवा, तिच्यावरून अर्ज तयार करा, तो विक्रेत्याकडे पाठवा, ॲडमिनच्या पत्त्यावर आलेल्या ईमेलमधली लिंक दाबा आणि शेवटी हाती आलेल्या फायली बरोबर क्रमानं जोडा. मधलं इंटरमीजिएट सर्टिफिकेट राहिलं, तर कंप्युटरवर साइट झकास उघडायची आणि फोनवर इशारा झळकायचा. मुदत संपली की हे सगळं पुन्हा. तोवर मागच्या खेपेला काय केलं होतं ते कुणाला आठवत नसे.

त्यात एका आयपी पत्त्यावर एकच सर्टिफिकेट, ही जुनी अडचण. तिच्यावरचा एसएनआय हा उपाय 2003 मध्येच कागदावर आला होता. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला तो कळत नसे, आणि एक्सपी काही केल्या हटत नव्हतं. एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचे अपडेट थांबवले, तेव्हा एका पत्त्यामागे अनेक सुरक्षित साइट चालवण्याचा रस्ता खुला होऊ लागला.

नेमकी तेव्हाच त्याची गरजही वाढत होती. मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्सनं कॅलिफोर्नियातल्या पायकॉन परिषदेत पाचेक मिनिटांत, प्रोग्राम बंदिस्त कंटेनरांत चालवणारं डॉकर दाखवलं आणि एकाच भाड्याच्या मशीनवर ब्लॉग, दुकान, विकी असे वेगवेगळे कंटेनर नांदू लागले. दाराचा नंबर मात्र एकच, 443. मग सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा एक रिव्हर्स प्रॉक्सी पुढे उभा करायचा. पाहुणा कोणाचं नाव घेतो ते ऐकायचं आणि त्याला त्या कंटेनरकडे धाडायचं. पण कंटेनर पुन्हा उभा केला की त्याचा आतला पत्ता बदलू शकतो. जेसन वाइल्डरनं 2014 मध्ये आणलेल्या एनजिनएक्स-प्रॉक्सीनं ही कटकट मिटवली. डॉकरच्या घडामोडींवर कान ठेवायचा, नवा कंटेनर दिसला की त्याचं ‘व्हर्च्युअल होस्ट’ हे चल वाचायचं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल नव्यानं लिहायची आणि ती पुन्हा लोड करायची.

सर्टिफिकेटची बाजू मात्र अजून लंगडी होती. मोझिलाचे जॉश आस आणि एरिक रिस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हॉल्डरमन 2012 पासून तिच्या मागे लागले होते. त्यांच्या लेट्स एन्क्रिप्टनं 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिलं सर्टिफिकेट दिलं आणि 3 डिसेंबरला दार सर्वांसाठी उघडलं. सर्टिफिकेट फुकट, पण मुदत अवघी 90 दिवसांची. अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली. मुदत मुद्दाम तोकडी ठेवली होती: दर तीन महिन्यांनी हातानं कोण करणार? कंटाळून माणूस ते काम मशीनवर सोपवेल, हा हिशोब पुढे खरा ठरला.

एनजिनएक्स-प्रॉक्सीला सर्टिफिकेट आणून देणारा जोडीदार कंटेनर मिळाला. मॅट होल्टच्या कॅडी या वेब सर्व्हरमध्ये डोमेनचं नाव आणि आतला पत्ता एवढंच लिहून भागू लागलं. फ्रान्सच्या एमिल वोज यांचं ट्रॅफिक हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर तर कंटेनरवर डकवलेली लेबलंच वाचतं.

कटकटी संपल्या नाहीत, त्यांनी जागा बदलल्या. ट्रॅफिक सगळी सर्टिफिकेटं एक्मे.जेसन या एका फायलीत ठेवतं. फायलीची परवानगी 600 पेक्षा सैल दिसली की ते ती वापरायला साफ नकार देतं. हे निदान लॉगमध्ये दिसतं तरी. ती फाइल कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवायची राहिली, तर दर वेळी कंटेनर नव्यानं बांधला की नवं सर्टिफिकेट मागितलं जातं. त्याच नावांसाठी आठवड्यात पाच झाली की लेट्स एन्क्रिप्ट हात आखडतं आणि साइट ताटकळते. सरावासाठी वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे. तो आठवतो बहुधा यानंतरच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: कंटेनरांवर नजर ठेवायला प्रॉक्सीला डॉकरचं सॉकेट द्यावं लागतं, आणि ज्याच्या हाती सॉकेट त्याच्या हाती जवळजवळ अख्खं मशीन. इंटरनेटला तोंड देणाऱ्या प्रोग्रामकडेच ही किल्ली असावी, हे आजही बऱ्याच जणांना खटकत नाही.

वरूनही धक्के बसले. डोमेनची मालकी तपासणाऱ्या टीएलएस-एसएनआय पडताळणीत पळवाट सापडल्यानं लेट्स एन्क्रिप्टनं ती जानेवारी 2018 मध्ये बंद केली आणि तिच्यावर विसंबलेल्या ट्रॅफिकला घाईनं दुसरी पद्धत आणावी लागली. दोन वर्षांनी, 29 फेब्रुवारी 2020 ला, तपासणीतल्या एका बगमुळे 30,48,289 सर्टिफिकेटं रद्द करायची वेळ आली. मुदतीत त्यातली सुमारे 17 लाख बदलून झाली. उरलेली सगळी एकदम रद्द केली तर साइट कोलमडतील म्हणून संस्थेनं हात आवरता घेतला. 30 सप्टेंबर 2021 ला जुनं मूळ सर्टिफिकेट कालबाह्य झालं, तेव्हा साइटचं सर्टिफिकेट ताजं असूनही ओपनएसएसएल 1.0.2 वर चालणारे प्रोग्राम ते नाकारत राहिले.

जून 2025 पासून मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणंही लेट्स एन्क्रिप्टनं बंद केलं. त्याआधी एप्रिलमध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचानं ठरवलं, की 15 मार्च 2026 पासून कमाल मुदत 200 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून फक्त 47. पैसे भरून सर्टिफिकेट घेणाऱ्या बँका आणि मोठ्या कंपन्याही त्यातून सुटत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये एनजिनएक्सनंही सर्टिफिकेट स्वतः मागवणारं मॉड्यूल पुढे आणलं. आल्यागेल्या कंटेनरांची नोंद ठेवायला मात्र त्याला अजून दुसऱ्या साधनाची सोबत लागते.